तार बघणारा अंगठा

साखर कारखान्यात पॅनवर काम केलेल्या माणसाचा उजवा अंगठा एकदा बघावा. पॅनमधला कढता माल दांडीनं थोडा बाहेर काढायचा, त्यातला थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं हळूहळू लांब न्यायची आणि तार कुठवर टिकते ते बघायचं. चिरोट्यांचा पाक एकतारी झाला की दोनतारी हे घरात आई बघते, तसंच. आईच्या पातेल्यात अर्धा किलो साखर असते आणि पॅनमध्ये टनावारी माल, एवढाच फरक. पॅनमधली हवा ओढून घेतलेली असते म्हणून पाक साठ-सत्तर अंशांनाच उकळतो, तरी चटका बसायचा तो बसतोच. तीस हंगाम असं केलं की अंगठ्याचं पेर गुळगुळीत होतं, रेषा दिसेनाशा होतात. आमचा आप्पामामा मॅट्रिक होता, सही फर्डी करायचा, पण आधार कार्डाच्या यंत्रानं त्याचा उजवा अंगठा तीनदा नाकारला. ‘‘यंत्राला काय कळतंय,’’ म्हणाला आणि पँटला पुसून चौथ्यांदा ठेवला.

त्याच अंगठ्यानं तो गिटार वाजवायचा. पिक हातात धरत नसे.

याचं कारण कॉलनी. कारखान्याच्या क्वार्टरांना भिंत एकच, अलीकडे एक संसार, पलीकडे दुसरा. पाळ्या तीन: चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळेला भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलेलं असणारच. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला घोरत असायचा आणि त्याची बायको पोरांना अंगणात हाकलत असायची. अशा ठिकाणी पिकानं टणटण वाजणारी गिटार कोण खपवून घेणार? मामानं पिक फेकून दिलं, अंगठ्याचं मांस तारेवर टेकवलं आणि आवाज आपल्याच भिंतीच्या आत राहील असा वाजवायला शिकला. पुढे भर मांडवात, चार-चार कर्ण्यांच्या गदारोळातही तो तसाच वाजवायचा. लोक ऑर्केस्ट्रावाल्याला म्हणायचे, तुमचा गिटारवाला नुसता बसलेला असतो.

अमेरिकेत इंडियानापोलिस गावात वेस माँटगोमरी नावाचा माणूस होता. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात गिटार. रात्री घरी रियाझ करताना घरच्यांची नि शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून त्यानं पिक सोडलं आणि अंगठ्यानं वाजवायला लागला, असं सांगतात. एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवायची त्याची पद्धत जगभर गेली. १९६८ साली पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. ज्याला आता स्मूद जॅझ म्हणतात, लिफ्टमध्ये आणि विमानतळावर वाजतं म्हणून ज्याची जाणकार टिंगल करतात, त्याचं मूळ शोधणारे त्याच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांतल्या रेकॉर्डींपाशी जातात. मग १९७६ मध्ये जॉर्ज बेन्सनची ‘ब्रीझिन’ आली आणि हे वाजवणं घरोघर गेलं. मला ही टिंगल पटत नाही. कानाला टोचत नाही ते सोपं असतं, असं समजणाऱ्यानं एकदा पॅनवर उभं राहून बघावं. साखरेचा दाणा सारखा बसलाय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. चहात पडलेली साखर कधी कुणी निरखून बघितलीय?

मामानं तरुणपणी यातलं काहीच ऐकलं नव्हतं. त्याच्या कानावर आलं ते रेडिओवरून. आपल्याकडे जॅझ असं चोरपावलांनीच आलं, सिनेमाच्या गाण्यांच्या पोटातून. ‘अलबेला’ १९५१ चा. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. आणि त्यांच्या दिमतीला ट्रम्पेट घेऊन चिक चॉकलेट, मूळचा गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ. तो मुंबईच्या ताजमध्ये बँड चालवायचा आणि स्टुडिओत चितळकरांच्या गाण्यांना झिंग आणायचा. ‘अलबेला’मध्ये त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. आमच्या भागातल्या जत्रेच्या तंबूत बसून भगवानदादांच्या नाचावर पैसे उधळणाऱ्यांना आपण जॅझवर डोलतोय हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती म्हणा. ज्यांनी हे वाजवलं त्यांची नावं रेकॉर्डवर छापायची पद्धतच नव्हती. भूपिंदर सिंग गायक म्हणून सगळ्यांना ठाऊक. ‘दम मारो दम’मधली गिटार त्यांची, हे किती जणांना ठाऊक? २०२२ च्या जुलैत ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी ते खाली, शेवटच्या परिच्छेदात छापलं.

मामाची गिटार पहिल्या दिवाळी बोनसची. पुण्याहून आणली, एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन. माथ्यावर इंग्रजीत नाव होतं: गिवसन. कलकत्त्याची. अमेरिकेतल्या नामांकित गिब्सनशी एका अक्षराचा फरक, आणि ते अक्षर कंपनीनं काही उगाच निवडलेलं नसणार. मामाला बरीच वर्षं वाटायचं की गिब्सन हे छापणाऱ्याच्या चुकीनं झालेलं नाव आहे आणि खरी ती गिवसनच.

घरात वाद्य नवीन नव्हतं. माझे आजोबा विणेकरी. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला यायची तेव्हा ते वीणा गळ्यात घालून वाटेतच सामील व्हायचे. बेलवाडीच्या गोल रिंगणात घोडा धावून गेला की त्याच्या टापेखालची माती ते पुडीत बांधून आणायचे. पोरगा सहा तारांचं बायकी कमरेचं वाद्य घेऊन आला हे त्यांना रुचलं नाही, पण त्यांनी आक्षेप घेतला तो वेगळाच. ‘‘वीणा उभ्यानं धरायची असती. ह्ये तू मांडीवर घेऊन बसतो, म्हंजी पोरगं हाय का वाद्य?’’ मामा पुढे ऑर्केस्ट्रातही बसूनच वाजवत राहिला. त्यामुळे फोटोंत तो कुठेच दिसत नाही. पुढे गायक, त्याच्या मागे ढोलकीवाला, आणि मामाचं फक्त डोकं.

गणपती पडतात ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे गळीत हंगामाच्या आधी. पॅन थंड असतं. मामाला तेव्हा मोकळीक. बारामती, दौंड, फलटण, अकलूज, इंदापूर, एका टेम्पोत मागे ड्रमसेट नि माणसं एकमेकांवर. मी आठ-दहा वर्षांचा असताना दोन-तीनदा त्याच्याबरोबर गेलो. मला आठवतो तो मांडवाच्या मागचा अंधार, जनरेटरचा वास, आणि कार्यक्रमाआधी मामा तारा जुळवताना कानाशी गिटार घेऊन बसलेला. जनरेटरच्या घरघरीतून त्याला सूर कसा ऐकू यायचा हे मला आजही कळलेलं नाही. कदाचित ऐकत नसेलच. गिटारीच्या लाकडाला कानामागचं हाड टेकवून बसायचा, एवढं मात्र पक्कं आठवतं.

त्याचा एक कॉर्ड होता. सगळे गिटारवाले सा, ग, प असे तीन सूर एकत्र धरतात. मामा त्यात शुद्ध निषाद सोडायचा. निषादाला लागूनच वरचा षड्ज, मध्ये अर्ध्या सुराचंच अंतर. कानाला वाटत राहतं की आता सा येणार, आणि तो येतच नाही. पुस्तकात या कॉर्डाला मेजर सेव्हन्थ म्हणतात. मामा ‘ओला कॉर्ड’ म्हणायचा. ‘‘ह्यो वाळत न्हाई, बघ.’’ तो वाजवला की गायकाच्या आवाजाखाली काहीतरी अंथरल्यासारखं व्हायचं. गायक खूश, श्रोत्यांना पत्ता नाही.

ऑर्केस्ट्रा संपले ते एकाएकी नाही. आधी एक कीबोर्ड आला, मग त्यातल्या बटणांत बासरी, सनई, ढोलक. नव्वदच्या अलीकडे-पलीकडे एका वर्षी आयोजकानं मामाला चहा पाजला आणि सांगितलं, आप्पा, गिटार आता कीबोर्डातच आहे. मामानं ते बटण दाबून दाखवायला सांगितलं. ऐकलं, म्हणाला चांगलंय, आणि रात्रीच्या एसटीनं परत आला. त्यानंतर त्यानं मांडवात वाजवलं नाही. घरी वाजवत राहिला. त्याबद्दल त्याच्या तोंडून कधी कडू शब्द निघाला नाही. मला मात्र अजून राग येतो. मला काय, मी तर वाजवतही नाही.

पुढे नोकरीनिमित्त मी पुण्यात असताना एका मित्राकडे अमान्सिओ डिसिल्वा ऐकला. गोव्याच्या माणसाचा मुंबईत जन्मलेला मुलगा, १९३६ चा. जॅझ गिटारवाला. मुंबईच्या आणि इतर गावांच्या हॉटेलांतून वाजवत वाढला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींना त्याचं वाजवणं इतकं आवडलं की त्यांनी त्याला गिब्सन गिटार घेऊन दिली. खरी, ‘ब’वाली. १९६७ मध्ये तो बायको-मुलांसह इंग्लंडला गेला. तिथे डेनिस प्रेस्टन या निर्मात्यानं त्याला हेरलं आणि १९६९ मध्ये त्याच्या दोन रेकॉर्डी निघाल्या. ‘इंटिग्रेशन’मध्ये ‘जयपूर’ आहे, ‘महाराणी’ आहे. माणूस लंडनच्या स्टुडिओत बसून आपला मुलूख आठवून काढतोय. दुसरी ‘हम दोनो’, जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवाल्याबरोबर. हॅरियटनं त्याआधी जॉन मायरबरोबर भारतीय नि जॅझ वादकांची जोडपंगत मांडली होती आणि तिच्यात तबल्यावर आपले केशव साठे होते. ‘हम दोनो’त नॉर्मा विनस्टन नावाची बाई शब्दांशिवाय गाते, आणि एक रचना गोव्यासाठी, एक मुलाच्या नावाची. लोक याच रेकॉर्डीचं नाव घेतात. घ्यावंच. पण माझं मन दुसरीकडे अडकलंय.

१९७२ मध्ये त्यानं एक रेकॉर्ड वाजवली: ‘कोकण डान्स’. वाजवून झाली, टेप तयार झाली आणि ती बाहेर आलीच नाही. पुढे त्याचं नावही मागे पडलं. १९९६ मध्ये तो लंडनमध्ये गेला. ‘कोकण डान्स’ बाजारात आली २००६ मध्ये. वाजवल्यानंतर चौतीस वर्षांनी, वाजवणाऱ्याच्या मागे दहा वर्षांनी. इतकी वर्षं ती टेप कुणीतरी कपाटात सांभाळली. कुणी पुसून तिच्यावर दुसरं काही भरलं नाही. मला या अज्ञात माणसाबद्दल, ज्यानं काही केलं नाही म्हणून हे वाचलं, फार आदर आहे.

मी ते मामाला मोबाइलवर ऐकवलं. तो तेव्हा निवृत्त होऊन गावी राहायला आला होता. अंगणात बाजेवर बसून, मोबाइल कानाला धरून, डोळे मिटून त्यानं पुरं ऐकलं. गिटार कुणाची, कुठली, काही विचारलं नाही. पुन्हा लाव म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर एवढंच बोलला: ‘‘हा गडी दाणा बसू देतोय.’’

मग बऱ्याच वेळानं, ‘‘आपलीबी गिवसन हाय, पण आपल्याला महाराणी भेटली न्हाई.’’ मामी आतून म्हणाली, ‘‘आन् मी कोण?’’

गावी राहायला आला म्हणजे नव्या गावी. जुनं गाव भीमेच्या काठी होतं, ते उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० मध्ये पुरं झालं. आता तिथे ११७ टीएमसीचा फुगवटा, आणि हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावकडे रोहित पक्षी उतरतात, त्यांना बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या. २०१६ च्या दुष्काळात पाणी खूप खाली गेलं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, तेव्हा मामा म्हणाला चल. मोटारसायकल काठाला लावून आम्ही भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. लोक देवळापाशी फोटो काढत होते. मामाला देवळाचं काही नव्हतं. तो तिथून डावीकडे, उघड्या पडलेल्या एका जोत्याच्या दिशेनं बोट करत राहिला. तिथे त्याचा एक दोस्त राहायचा, त्याच्याकडे पहिला रेडिओ आला होता, आणि त्या ओट्यावर बसून यानं पहिल्यांदा गिटार ऐकली होती. गाणं कुठलं ते आठवत नव्हतं. सूर आठवत होता. उजव्या अंगठ्यानं पँटच्या शिवणीवर त्यानं तो वाजवून दाखवला. अर्थात मला काहीच ऐकू आलं नाही.

२०१८ मध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचा तोतरी झाली, पाय थोडा परतला, हात परतला नाही. गिटारवाल्याचा डावा हात म्हणजे कॉर्ड धरणारा हात. मामीनं गिटार माळ्यावर टाकली, त्याच्या नजरेला पडू नये म्हणून. त्यानं दोन महिन्यांनी खाली काढायला लावली. मोकळ्या तारांवर अंगठा फिरवत बसायचा. ई, ए, डी, जी, बी, ई. नुसत्या मोकळ्या तारा वाजवल्या तर कानाला बरं लागत नाही, पण शेजारणी ऐकून घ्यायच्या.

मी सुट्टीला गेलो तेव्हा त्यानं मला बाजेवर आपल्या डावीकडे, अगदी खेटून बसवलं आणि गिटारची मान माझ्या हातात दिली. ओला कॉर्ड मला धरायचा होता, तार तो छेडणार होता. मला काय येतंय? त्यानं तुटक शब्दांत सांगितलं, मी धरलं. पहिलं बोट दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात. मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या घरात. अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या घरात. मला वाटलं चौथं बोट कुठे ठेवू. त्यानं मान हलवली. चौथं बोट ठेवायचंच नाही. पहिली तार, सगळ्यात बारीक, ती मोकळी. तो निषाद ती मोकळी तारच देते. एवढी वर्षं मला वाटत होतं मामा काहीतरी जास्तीचं धरतो.

त्यानं अंगठा फिरवला. बुद्द असा आवाज आला. माझ्या बोटाची कड त्या बारीक तारेला लागत होती. बोट उचललं, पुन्हा बुद्द. गिवसनच्या तारा उंच, बोटाच्या टोकाला सुतळीनं कापल्यासारखं होत होतं. चौथ्या-पाचव्या वेळेला त्यानं अंगठा थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या नव्या, जड जिभेनं म्हणाला, ‘‘सो... सोड की तिला.’’

मग वाजला. एकदाच नीट वाजला. मामी स्वयंपाकघरातून परातीत पीठ तसंच ठेवून दारात आली.

आप्पामामा २०२० च्या जानेवारीत गेला. हंगाम ऐन भरात होता. पॅनवरची जुनी माणसं पाळीपाळीनं आली, आठ ते चारवाले संध्याकाळी, चार ते बारावाले दुसऱ्या सकाळी, आणि प्रत्येकानं अंगणात बसल्यावर हटकून ‘दाणा बघायचा तर आप्पानंच’ असं काहीतरी म्हटलं. गिटारीचं कुणी काढलं नाही. त्यांना दोष नाही. ती त्यांची झोप न मोडता वाजवलेली होती.

गिटार आता माझ्याकडे आहे. आवाज म्हणाल तर एक कॅसेट, मामीच्या ट्रंकेत सापडली. लेबलवर निळ्या शाईत ‘गणपती ८८’. कुणीतरी मांडवात, कर्ण्याजवळ टेपरेकॉर्डर धरून भरलेली. गायक आहे, ढोलकी आहे, शिट्ट्या आहेत. मामा आहे असं मानावं लागतं. पण दुसऱ्या बाजूला, दोन गाण्यांच्या मध्ये, निळा सदरा घातलेला लहान मुलगा स्टेजपाशी उभा आहे, पालकांनी घेऊन जावं, अशी सूचना आहे. ती संपते आणि पुढचं गाणं सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात कुणीतरी हळूच, स्वतःशी वाजवल्यासारखा, ओला कॉर्ड वाजवतं, मग तोच दोन घरं वर सरकवून, मग पुन्हा खाली. अकरा सेकंद. मी मोजलीत. नंतर ढोलकी पडते.

बारामती, इंदापूर, दौंड, फलटण, अकलूज या बाजूच्या गणपतीतल्या, जत्रेतल्या ऑर्केस्ट्राची एखादी कॅसेट तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या शोकेसच्या खणात असेल तर कृपा करून टाकू नका. बुरशी आली असली तरी टाकू नका. टेपरेकॉर्डरमध्ये एकदम घालूही नका, टेप गुंतते नि तुटते. आधी भोकात पेन्सिल घालून हातानं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवून घ्या. आणि ऐकाल तेव्हा सूचनाही ऐका, त्या पुढे ढकलू नका.